पाणबुडीतील डक्टयुक्त प्रणोदन प्रणालींची तुलना : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

पाणबुडीचे सामर्थ्य तिच्या अदृश्यतेत असते आणि समुद्राच्या पोटात अदृश्यता म्हणजे प्रामुख्याने निःशब्दता होय. प्रकाश आणि रेडिओलहरी पाण्यात फार दूर जात नाहीत. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने दूरवर पोहोचतो. त्यामुळे पाणबुडीच्या शेपटाकडे फिरणारा पंखा, म्हणजेच प्रोपेलर, हा नौदलांनी सर्वाधिक गुप्त राखलेला भाग आहे. नौका गोदीत आली की तिचा हा भाग बहुधा झाकून ठेवला जातो.

या प्रोपेलरभोवती कडे बसवून त्याला बंदिस्त करण्याची पद्धत गेल्या अर्धशतकात रूढ झाली. या कड्याला डक्ट म्हणतात. १९७० साली ब्रिटिश नौदलात दाखल झालेल्या ‘चर्चिल’ या अणुपाणबुडीवर पंपजेट नावाच्या अशा प्रणालीची चाचणी घेण्यात आली. पुढे ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स आणि रशिया या चारही देशांनी आपल्या काही अणुपाणबुड्यांसाठी ती स्वीकारली. या वाटचालीतून डक्टविषयी दोन विधाने लोकप्रिय झाली. डक्टयुक्त प्रणाली उघड्या प्रोपेलरपेक्षा नेहमीच शांत असते, हे पहिले विधान. ती मंद गतीला अकार्यक्षम असते, हे दुसरे.

ही विधाने केवळ पुस्तकी राहिलेली नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाने बारा पाणबुड्यांसाठी फ्रान्सच्या डीसीएनएस या कंपनीची निवड केली, तेव्हा ‘शॉर्टफिन बाराकुडा’ या नौकेच्या प्रचारसाहित्यात पंपजेटचा ठळक उल्लेख होता आणि प्रोपेलरचे तंत्र कालबाह्य ठरवले गेले होते. नौका मात्र अणुशक्तीवर नव्हे, तर डिझेल व बॅटरीवर चालणारी होती. मंद गतीला पंपजेट ऊर्जा वाया घालवतो, सबब बॅटरी लवकर संपेल, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. सप्टेंबर २०२१ मध्ये हा करार अन्य कारणांनी रद्द झाला. परंतु त्या वादातील दोन्ही बाजूंची विधाने आजही जशीच्या तशी उद्धृत केली जातात. त्यांची भौतिकशास्त्राच्या आधारे चिकित्सा करणे आणि डक्टयुक्त प्रणालींच्या तुलनेसाठी कोणत्या अटी पाळाव्या लागतील हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१. संज्ञांचा घोळ

तुलनेतील पहिला दोष संज्ञांचा आहे. ‘डक्टयुक्त प्रणाली’ या एकाच नावाखाली परस्परांहून भिन्न अशा किमान चार रचना मोडतात.

पहिली रचना वेगवर्धक डक्टची. जर्मन अभियंता लुडविग कोर्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे नोझल १९३०च्या दशकात पुढे आले. त्याचा आतील मार्ग पुढे रुंद असून पंख्याकडे निमुळता होत जातो, त्यामुळे पंख्यापाशी पाण्याचा वेग वाढतो. कड्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असल्याने कडे स्वतःही पुढच्या दिशेने रेटा देते. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील जहाज संशोधन संस्थेने अशा नोझलवर दीर्घकाळ प्रयोग केले. तेथील ‘१९ए’ हे नोझल आजही बंदरांतील टगबोटींच्या अभिकल्पात आधारभूत मानले जाते.

दुसरी रचना वेगरोधक डक्टची. तिची घडण याच्या उलट असते. पाणी आत शिरताना त्याचा मार्ग रुंदावतो, वेग कमी होतो आणि पंख्यापाशी स्थितिक दाब वाढतो. फिरणाऱ्या रोटरच्या पुढे वा मागे स्थिर पात्यांची रांग, म्हणजे स्टेटर, बसवली की या रचनेस पंपजेट म्हणतात. पाणबुडीच्या संदर्भात डक्ट हा शब्द येतो तेव्हा बहुतेक वेळा हीच रचना अभिप्रेत असते. तिचा विकास आधी टॉर्पेडोसाठी झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या गारफील्ड थॉमस जलबोगद्यात या विषयावर पायाभूत काम झाले आणि १९७२ साली सेवेत आलेल्या अमेरिकन ‘मार्क ४८’ टॉर्पेडोला पंपजेटच आहे.

तिसरी रचना वॉटरजेटची. हीत पाणी नौकेच्या तळातून आत ओढून पंपाद्वारे मागे फेकले जाते. ती वेगवान पृष्ठनौकांवर वापरली जाते. पंपजेट आणि वॉटरजेट ही नावे एकमेकांऐवजी वापरली गेल्याने वॉटरजेटचे आलेख पाणबुडीच्या चर्चेत आणले जातात. या सरमिसळीचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

चौथी रचना कडेचालित प्रणालीची. तीत मधला दंड, म्हणजे शाफ्ट, नसतो. पात्यांची टोके एका फिरत्या कड्याला जोडलेली असतात आणि डक्टमध्ये बसवलेली विद्युत चलित्राची गुंडाळी ते कडे फिरवते.

या चार रचनांना एकच विशेषण लावून त्यांच्यावर एकत्रित निर्णय देणे शास्त्रीय दृष्ट्या असमर्थनीय आहे. पहिल्या दोन रचना तर हेतूनेच परस्परविरोधी आहेत. एक रेटा वाढवण्यासाठी दाब कमी होऊ देते, तर दुसरी दाब वाढवण्यासाठी रेट्याचा काही भाग गमावते.

२. डक्ट नेमके काय करते

या विरोधाचे स्वरूप रँकिन व फ्रूड यांच्या एकोणिसाव्या शतकातील संवेग-सिद्धान्तातून स्पष्ट होते. पंखा जितका रेटा देतो त्याला त्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ व प्रवाहाचा गतिज दाब यांच्या गुणाकाराने भागले असता जे येते, त्यास येथे भारगुणक म्हणू. पंख्यावर किती ओझे आहे हे तो सांगतो. घर्षण वगळता,

आदर्श कार्यक्षमता = २ ÷ (१ + √(१ + भारगुणक))

भारगुणक १ असेल तर ही कार्यक्षमता ८२.८ टक्के येते आणि भारगुणक ३ असेल तर ६६.७ टक्के. मोठ्या वर्तुळाचा, संथ फिरणारा पंखा अधिक काटकसरी का असतो, याचे उत्तर या सूत्रात आहे.

डक्ट बसवल्यावर सूत्रातील भारगुणकाला आणखी एका संख्येने गुणावे लागते. ही संख्या म्हणजे एकूण रेट्यापैकी रोटरने दिलेला वाटा. वेगवर्धक डक्ट स्वतः रेटा देत असल्याने हा वाटा १ पेक्षा कमी असतो. तो ०.७ धरल्यास भारगुणक १ असताना कार्यक्षमता ८६.८ टक्के होते, तर भारगुणक ३ असताना ७२.४ टक्के. ओझे जितके जास्त तितका लाभ जास्त, म्हणूनच जड जहाज ओढणाऱ्या टगबोटीला कोर्ट नोझल मानवते. वेगरोधक डक्टवर मात्र मागच्या दिशेने बल पडते आणि रोटरला एकूण रेट्यापेक्षा अधिक रेटा द्यावा लागतो. वाटा १.२ धरल्यास भारगुणक १ असताना कार्यक्षमता ८०.५ टक्क्यांवर उतरते.

पाणबुडीच्या पंख्यावरील ओझे टगबोटीच्या मानाने हलके असते. भारगुणक ०.५ मानल्यास उघड्या पंख्याची आदर्श कार्यक्षमताच ८९.९ टक्के येते. ०.८ वाट्याचे वेगवर्धक डक्ट तीत जेमतेम पावणेदोन टक्क्यांची भर घालते आणि ती भर डक्टच्या पृष्ठावरील घर्षणातच खर्ची पडण्याचा संभव असतो. शिवाय असे डक्ट पंख्यापाशी दाब कमी करते, जे पाणबुडीला नको असते. याच कारणाने कोर्ट नोझल पाणबुडीच्या मुख्य प्रणोदनात रुजले नाही.

पंपजेटच्या बाजूने एक गोष्ट येथेच नमूद करावयास हवी. उघडा प्रोपेलर पाण्याला मागे ढकलताना त्याला गोल फिरवतोही आणि त्या फिरकीतील ऊर्जा वाया जाते. स्टेटर ही फिरकी सरळ करून त्या ऊर्जेचा काही भाग परत मिळवतो. म्हणून वरील आकड्यांवरून पंपजेट सरसकट अकार्यक्षम ठरत नाही. मॅक्कॉर्मिक आणि आयझेनहुथ यांनी १९६३ सालच्या आपल्या निबंधात प्रोपेलर व पंपजेट यांचा विचार एकत्र केला होता. दोहोंना एकाच चौकटीत मांडण्याची ही शिस्त नंतरच्या लोकप्रिय लेखनात हरवली.

३. मंद गतीचा आक्षेप

मंद गतीला पंपजेटची कार्यक्षमता कोसळते, असे दाखवण्यासाठी जे आलेख दिले जातात ते बहुधा वॉटरजेटचे व पृष्ठनौकांचे असतात. पृष्ठनौकेला लाटा निर्माण करण्यात शक्ती खर्चावी लागते आणि तो खर्च गतीनुसार विषम प्रमाणात बदलतो. त्यामुळे तिच्या पंख्यावरील भारगुणक गतीगणिक बदलत जातो. खोल पाण्यातील पाणबुडीची गोष्ट वेगळी आहे. तिथे लाटांचा रोध जवळजवळ नसतो. उरतो तो मुख्यतः पाण्याच्या घर्षणाचा रोध आणि तो गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. भारगुणकाच्या छेदातही गतीचा वर्गच असल्याने गती बदलली तरी भारगुणक जवळपास तेवढाच राहतो.

हे ‘जवळपास’ किती, याचा हिशेब करता येतो. ७० मीटर लांबीच्या नौकेसाठी जहाजशास्त्रात रूढ असलेले १९५७ सालचे आंतरराष्ट्रीय घर्षणसूत्र वापरले असता, २० नॉटवरून ४ नॉटवर येताना घर्षणगुणक सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो. भारगुणक त्यानुसार ०.५ वरून ०.६२ वर गेला, तरी आदर्श कार्यक्षमता ८९.९ वरून सुमारे ८८ टक्क्यांवर येते. दोन टक्क्यांच्या या घसरणीला कोसळणे म्हणता येणार नाही. शिवाय ती उघड्या प्रोपेलरलाही लागू आहे. सारांश, पंपजेटला काही तोटा असलाच तर तो सर्व गतींना साधारण सारख्याच प्रमाणात राहतो. मंद गतीलाच तो अवतरतो, हे म्हणणे वॉटरजेटवरून उसने घेतलेले आहे.

आता हाच तोटा बॅटरीच्या भाषेत मांडून पाहू. समजा, या नौकेला २० नॉटसाठी ४००० किलोवॅट शक्ती लागते. वरील प्रमाणाने ८ नॉटसाठी सुमारे २९० आणि ४ नॉटसाठी अवघी ४० किलोवॅट लागेल. परंतु नौकेवरील सोनार, संगणक, हवा शुद्ध करणारी यंत्रे, स्वयंपाकघर यांचा स्वतंत्र खर्च कोणत्याही गतीला चालूच असतो. त्यास हॉटेल लोड म्हणतात. तो १०० किलोवॅट धरू. पंपजेटमुळे प्रणोदनाचा खर्च १० टक्क्यांनी वाढला असे मानले, तर ४ नॉटला एकूण खर्च १४० वरून १४४ होतो, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी वाढतो. ८ नॉटला ती वाढ साडेसात टक्क्यांच्या आसपास आणि २० नॉटला जवळपास पूर्ण दहा टक्के होते.

हे आकडे उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत, तथापि त्यांची दिशा गृहीतकांवर अवलंबून नाही. गती जितकी मंद, तितका हॉटेल लोडचा वाटा मोठा आणि प्रोपेलरच्या गुणदोषाचा परिणाम लहान. याचा अर्थ प्रचलित आक्षेप नेमका उलटा आहे. पंपजेटची किंमत गस्तीच्या मंद गतीला नव्हे, तर गस्तीच्या क्षेत्रापर्यंतच्या लांब प्रवासात मोजावी लागते. ऑस्ट्रेलियासारख्या देशाला, जिथून पाणबुड्यांना हजारो किलोमीटर प्रवास करून क्षेत्रात पोहोचावे लागते, हा आक्षेप घेण्यास जागा होतीच. मात्र तो प्रवासाच्या गतीविषयी घ्यावयास हवा होता.

४. निःशब्दतेचा दावा

पहिल्या विधानाकडे, म्हणजे पंपजेट नेहमीच शांत असतो या दाव्याकडे, वळू. प्रोपेलरच्या आवाजाचे दोन प्रमुख स्रोत आहेत.

पहिला स्रोत कॅव्हिटेशनचा. पात्याच्या पाठीवर दाब इतका घटतो की तेथे पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात. ते फुटताना मोठा आवाज होतो. पंपजेटमधील वेगरोधक डक्ट रोटरपाशी दाब वाढवून हे बुडबुडे लांबणीवर टाकते. उघड्या प्रोपेलरच्या पात्याच्या टोकाशी निर्माण होणारा भोवराही डक्टच्या भिंतीमुळे दबतो. हा लाभ खरा आहे. परंतु कॅव्हिटेशन गतीवर आणि खोलीवर अवलंबून असते. १०० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सुमारे अकरापट असतो. गती २० नॉटवरून ४ नॉटवर आली की गतिज दाब पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. अशा स्थितीत नीट घडवलेला उघडा प्रोपेलरही बुडबुडे काढत नाही. जो दोष मुळात उपस्थितच नाही, तो दूर करण्याचे श्रेय डक्टला देता येत नाही.

दुसरा स्रोत असमान प्रवाहाचा. पाणबुडीचा मनोरा व शेपटाकडील सुकाणूची पाती यांच्या मागे पाण्यात मंद प्रवाहाचे पट्टे तयार होतात. फिरते पाते प्रत्येक फेरीत हे पट्टे कापते आणि त्यावरील बल क्षणोक्षणी बदलते. त्यातून विशिष्ट वारंवारतेचा सूर निघतो. सात पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला ६० फेऱ्या करीत असेल तर हा सूर ७ हर्ट्झचा असतो. पाती कोयत्यासारखी वळवली की ती पट्ट्यात एकदम न शिरता हळूहळू शिरतात आणि हा सूर क्षीण होतो. सात पात्यांचे वक्र प्रोपेलर यामुळेच प्रचारात आले. येथे घडणीची अचूकताही तितकीच महत्त्वाची आहे. जपानच्या तोशिबा मशीन आणि नॉर्वेच्या काँग्सबर्ग या कंपन्यांनी सोव्हिएत संघाला प्रोपेलर कातण्याची प्रगत यंत्रे व त्यांची नियंत्रणप्रणाली पुरवल्याचे प्रकरण १९८७ साली उघडकीस आले, तेव्हा जो गदारोळ झाला तो या अचूकतेपायीच.

पंपजेट या दुसऱ्या स्रोतावर काय उपाय करतो, हे स्टेटरच्या जागेवर अवलंबून आहे. स्टेटर रोटरच्या पुढे असेल तर तो प्रवाहाला आधीच उलटी फिरकी देतो. मात्र त्याच्या प्रत्येक पात्यामागे एक नवा मंद पट्टा तयार होतो आणि रोटरला तो कापावा लागतो. स्टेटर मागे असेल तर हा नवा त्रास टळतो, परंतु पाणबुडीच्या देहाचा विस्कळीत प्रवाह रोटरवर थेट येतो आणि रोटरचा प्रवाह स्टेटरवर आदळतो. दोन्ही रांगांतील पात्यांच्या संख्यांना सामाईक विभाजक राहू नये अशी निवड करून हा परिणाम सौम्य करता येतो. म्हणजे पंपजेट ध्वनीचा स्रोत नाहीसा करीत नाही, त्याचे स्वरूप बदलतो. हे नवे स्वरूप मूळ स्वरूपापेक्षा शांत होईल की नाही, हे अभिकल्पाच्या कसावर ठरते.

डक्ट आवाज कोंडून ठेवते, असेही म्हटले जाते. याची मर्यादा साध्या भागाकाराने कळते. पाण्यात १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी दीड मीटर असते. त्यास काही मीटर लांबीचे डक्ट काही दिशांनी आडोसा देऊ शकते. परंतु २० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ७५ मीटर, म्हणजे पाणबुडीच्याच लांबीएवढी होते. अशा ध्वनीला डक्टची भिंत अडवू शकत नाही. दुर्दैवाने समुद्रात सर्वांत दूर जातो तो हाच मंद्र ध्वनी.

५. नौदलांची निवड

सिद्धान्तातून निघणारे हे चित्र प्रत्यक्ष नौकांच्या निवडीशी ताडून पाहता येते. अमेरिकेच्या ‘सीवुल्फ’ (१९९७) व ‘व्हर्जिनिया’ (२००४), ब्रिटनच्या ‘व्हॅनगार्ड’ (१९९३) व ‘अ‍ॅस्ट्यूट’ (२०१०), फ्रान्सच्या ‘त्रिओम्फाँ’ (१९९७) व ‘स्युफ्राँ’ (२०२०) या सर्व वर्गांना पंपजेट आहे. या सर्व अणुशक्तीवर चालतात. अणुभट्टीकडे शक्तीची वानवा नसते. काही टक्के कार्यक्षमता गमावून वरच्या गतीला शांतता मिळत असेल, तर हा सौदा त्यांना परवडतो.

याउलट जर्मनीची ‘२१२ए’ व स्वीडनची ‘गॉटलंड’ या शांततेसाठी नावाजलेल्या बिगर-अणुपाणबुड्यांनी उघडा वक्र प्रोपेलरच ठेवला. सोव्हिएत संघाने ‘किलो’ वर्गातील एका नौकेवर पंपजेटचा प्रयोग केला. १९९० साली सेवेत आलेली ही नौका पुढे ‘अल्रोसा’ या नावाने ओळखली गेली. परंतु त्यानंतरच्या रशियन डिझेल-विद्युत पाणबुड्या उघड्या प्रोपेलरसहच बांधल्या गेल्या. भारतानेही १९८६पासून घेतलेल्या सिंधुघोष वर्गाच्या नौका याच ‘किलो’ कुळातील, उघड्या प्रोपेलरच्या आहेत.

अणुपाणबुड्यांतही एकवाक्यता नाही. रशियाच्या ‘बोरेई’ वर्गाला पंपजेट आहे, तर त्याच काळात बांधलेल्या ‘यासेन’ वर्गातील ‘सेव्हेरोद्विन्स्क’ (२०१४) या नौकेला उघडा प्रोपेलर आहे. अमेरिकेच्या १९८१पासून सेवेत असलेल्या ‘ओहायो’ वर्गानेही उघड्या प्रोपेलरसह आपली शांततेची कीर्ती टिकवली. क्षेपणास्त्रे घेऊन मंद गतीने दडून राहणे हे तिचे काम असल्याने ते स्वाभाविकही आहे. या उदाहरणांपुढे प्रोपेलर कालबाह्य झाला, हे विधान टिकत नाही.

६. कडेचालित प्रणाली : आश्वासन आणि अडचणी

पंपजेटच्या पुढची पायरी म्हणून कडेचालित प्रणालीचे नाव घेतले जाते. ही कल्पना नवी नाही. विद्युत चलित्राने कड्यावरून फिरणाऱ्या प्रोपेलरचे पेटंट लुडविग कोर्ट यांनीच १९४० साली घेतले होते. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे दार्पाने, २००४च्या सुमारास ‘टँगो ब्राव्हो’ या कार्यक्रमात शाफ्टविरहित प्रणोदनाचा विचार केला. २०१७ साली चिनी नौदलातील अभियंता मा वेईमिंग यांनीही सरकारी दूरचित्रवाणीवर या दिशेने चाललेल्या कामाचा उल्लेख केला.

या प्रणालीचे आकर्षण उघड आहे. लांब शाफ्ट, त्याची कंपने आणि पाणबुडीच्या दाबसह कवचाला पाडावे लागणारे मोठे छिद्र, या तिन्ही गोष्टी टळतात. पात्यांची टोके कड्याला जोडलेली असल्याने टोकाशी फट राहत नाही आणि तेथील भोवराही उरत नाही. परंतु फिरते कडे व डक्ट यांच्यामधील चिंचोळ्या जागेत पाणी असते. तेथील घर्षणाची शक्तिहानी कड्याची रुंदी तीच राहिल्यास फेऱ्यांच्या घनाच्या व त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. लहान आकाराची कडेचालित यंत्रे व्यापारी जहाजांना बाजूला सरकवण्यासाठी यशस्वीपणे वापरली जातात. त्यांचे यश पाणबुडीच्या मुख्य प्रणोदनाला जसेच्या तसे लागू होत नाही, याचे एक कारण हा चौथा घात आहे. चलित्राचे विद्युतचुंबकीय स्पंदन थेट पाण्यालगत येते, हाही निःशब्दतेच्या दृष्टीने नवा प्रश्न आहे.

७. भारतीय संदर्भ आणि तुलनेच्या अटी

हा विषय भारतासाठी दूरचा नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०२५ या काळात नौदलात दाखल झाल्या. त्या डिझेल-विद्युत आहेत आणि त्यांना उघडा प्रोपेलर आहे. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्या देशात बांधण्यास मान्यता मिळाली. या दोन प्रकारांच्या नौकांना एकच प्रणोदन प्रणाली योग्य ठरेल, असे मानण्यास वरील विवेचनात आधार सापडत नाही. कलवरीसारख्या नौकेवरील उघडा प्रोपेलर हे मागासलेपणाचे लक्षण मानणे जितके चुकीचे, तितकेच अणुपाणबुडीसाठी पंपजेट केवळ खर्चिक हौस समजणे चुकीचे होय.

पाणबुड्यांचे खरे ध्वनिमापन गुप्त असते. म्हणून उपलब्ध साहित्यात तुलना होते ती नमुन्यांची. अमेरिकेच्या डेव्हिड टेलर संशोधन केंद्राने खुला केलेला ‘सबऑफ’ हा देहाकार आणि इटलीच्या इन्सिआन संस्थेचा सात पात्यांचा ‘ई१६१९’ हा प्रोपेलर अशा अभ्यासांत वारंवार वापरला जातो. संगणकीय प्रवाहगणिताने केलेल्या या अभ्यासांचे मूल्य मोठे आहे, परंतु त्यांतील अनेक निष्कर्ष एकाच गतीला, एकाच आकाराच्या नमुन्यावर काढलेले असतात. लहान नमुन्यात पात्याच्या टोकाशी असलेली फट व तेथील सीमास्तर यांचे प्रमाण पूर्णाकाराच्या नौकेपेक्षा वेगळे असते. पंपजेटमध्ये ही फटच आवाजाचे व हानीचे महत्त्वाचे स्थान असल्याने नमुन्यावरचा आकडा पूर्णाकाराला लावताना सावधगिरी आवश्यक आहे. विशाखापट्टणम येथील नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत कॅव्हिटेशन बोगदा आहे, आयआयटी खरगपूर येथे नौकाशास्त्राचे अध्यापन १९५०च्या दशकापासून चालू आहे. खुल्या देहाकारावर उघडा प्रोपेलर व पंपजेट यांची समान अटींवर तुलना करणे हे देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही शक्य असलेले काम आहे.

अशा तुलनेत निदान पाच गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत : डक्ट वेगवर्धक आहे की वेगरोधक, स्टेटर पुढे आहे की मागे, भारगुणक किती आहे, गती व खोली कोणती आहे आणि शक्तीचा स्रोत काय आहे. उघड्या प्रोपेलरशी तुलना करताना दोहोंचा व्यासही नमूद व्हावा. पंपजेटचा रोटर सामान्यतः लहान असतो. व्यास २० टक्क्यांनी घटला तरी क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी घटते, भारगुणक ०.५ वरून ०.७८ वर जातो आणि आदर्श कार्यक्षमता चार टक्क्यांनी उतरते. ही घट डक्टची नसून आकाराची आहे. या दोन कारणांची फारकत न करता काढलेला निष्कर्ष डक्टच्या माथी नाहक दोष मारतो. याखेरीज शेपटाकडे वाढणारे वजन, नौका उलट चालवताना घटणारा रेटा आणि डक्टमध्ये जाळी वा कचरा अडकण्याचा धोका हे व्यावहारिक मुद्देही पंपजेटच्या खर्चाच्या बाजूला मांडावे लागतात.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ‘डक्टयुक्त प्रणाली’ ही तुलनेची एकसंध कोटी नाही. वेगवर्धक व वेगरोधक डक्ट परस्परविरोधी कार्य करतात आणि वॉटरजेटवरून पंपजेटविषयी काढलेली अनुमाने अग्राह्य आहेत.

२. खोल पाण्यातील पाणबुडीचा भारगुणक गतीनुसार फारसा बदलत नाही. त्यामुळे मंद गतीला पंपजेट विशेष अकार्यक्षम ठरतो, हे विधान टिकत नाही. हॉटेल लोड विचारात घेतला तर तोट्याचा भार मध्यम व वरच्या गतीला अधिक जाणवतो.

३. कॅव्हिटेशन रोखण्याचा पंपजेटचा लाभही वरच्या गतीलाच मिळतो. मंद गतीला व पुरेशा खोलीवर उघडा वक्र प्रोपेलर त्याच्या बरोबरीने शांत असू शकतो.

४. लाभ आणि किंमत दोन्ही गतीबरोबर वाढत असल्याने निवड अखेरीस शक्तीच्या स्रोतावर ठरते. अणुपाणबुडीला वरची गती दीर्घकाळ राखता येते, म्हणून तिला लाभ मिळतो आणि किंमत परवडते. बॅटरीवरील नौका ती गती फार काळ राखू शकत नाही. लाभाचे प्रसंग तिच्या वाट्याला क्वचित येतात आणि लांब प्रवासातील किंमत मात्र नेहमीची होते.

पंपजेटचे श्रेष्ठत्व गृहीत धरणारे आणि त्याला सरसकट नाकारणारे, असे दोन्ही पक्ष एकच चूक करतात. नौका कोणत्या गतीने, किती खोलीवर आणि कोणाच्या शक्तीवर चालणार आहे, हे न विचारताच ते निकाल देतात. पाणबुडीची खरेदी वा बांधणी म्हणजे तीन-चार दशकांसाठी केलेली बांधिलकी असते. अशा निर्णयांविषयीची चर्चा नावांच्या वलयावर न चालता वर दिलेल्या पाच अटींवर चालावी, एवढी अपेक्षा या विषयाच्या अभ्यासकांकडून करणे उचित ठरेल.